गुलाबी ठिपक्याची मूठ

"चक्र सैल आहे त्याचं," क्लेटन बेसेट म्हणाला. "आधीच सांगतो. मागाहून म्हणशील, म्हाताऱ्यानं बोलून दाखवलं नाही."

त्याने रिव्हॉल्व्हर काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवले, पण वरचा हात काही काढला नाही. हेल्मी केतोला त्या हाताकडे बघत राहिली. एकावन्न वर्षांत तिने पुष्कळ दुकानदार पाहिले होते. स्वतःच्या मालाला पहिल्याच वाक्यात नावे ठेवणारा हा पहिलाच.

"मग जाहिरात कशाला दिलीत?"

"ती डोरीननं दिली. मला न विचारता."

"दुकान बंद करतोय आपण!" मागच्या खोलीतून त्याच्या बायकोचा आवाज आला. "तिजोरीत सापडलं, लिहिलं यादीत. त्यात विचारायचं काय?"

भिंतीवरची हरणांची शिंगे उतरवून झाली होती. त्यांच्या जागी फिकट ठसे तेवढे राहिले होते. साप्ताहिकात सगळ्या मालाची यादी आली होती, आणि गळ, बूट, दुर्बिणी यांच्या खाली एक ओळ होती : जुने रिव्हॉल्व्हर, अडतीस बोअर, मुठीवर गुलाबी ठिपका. ती ओळ हेल्मीने दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि हातातली खिम्याची पास्टी तशीच खाली ठेवली. सोमवारी शेरीफच्या कचेरीत जाऊन तिने खरेदीचा परवाना काढला. तीस दिवसांची मुदत होती. आज चौथा.

"हात काढता का?" ती म्हणाली.

क्लेटनने नाइलाजाने हात काढला.

तिने आधी मूठ पाहिली. अक्रोडाच्या लाकडात, डाव्या बाजूला खाली, डाळीएवढा गुलाबी ठिपका. यात फसवणुकीला जागा नव्हती, कारण तो तिनेच भरला होता. बाप कागदाच्या गिरणीत रखवालदार होता, एकतीस वर्षे रात्रपाळीचा. एकदा लोखंडी जिन्यावर रिव्हॉल्व्हर निसटले आणि मुठीचा टवका उडाला. हेल्मी तेव्हा तेवीसची, दंतवैद्याकडे कवळ्या करायला नुकती लागलेली. हिरड्यांसाठी वापरतात तो गुलाबी मसाला तिने त्या खळग्यात भरला, घासून गुळगुळीत केला. गिरणीतल्या लोकांना थट्टेला पुढे दहा-बारा वर्षे ते पुरले. "अर्वो, तुझी बंदूक चावते का रे?" असे विचारत. अर्वो केतोला हसायचा नाही, पण ठिपका बदलूनही घ्यायचा नाही. निवृत्त झाल्यावर त्याने ते रिव्हॉल्व्हर गिरणीकडून स्वतःसाठी मागून घेतले. दर रविवारी सौनाचे वाफेचे स्नान झाले, की ओल्या केसांनी वर्तमानपत्र पसरायचा आणि त्याला तेल द्यायचा. झाडले असेल तर खडीच्या खाणीत, रिकाम्या डब्यांवर.

आणि मग एका नोव्हेंबरात ते घरातून गेले. अकरा वर्षे झाली. हेल्मीचा नवरा तिला सोडून गेला होता आणि ती ग्रीन बेहून दोन पिशव्या घेऊन बापाकडे परत आली होती. आठवडाभरात ते टेबलाच्या खणातून नाहीसे झाले. तिने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "क्लेटन म्हणाला चक्र सैल झालंय. भंगार. देऊन टाकलं. बदल्यात मासेमारीसाठी बर्फाला भोक पाडायचं गिरमिट आणलंय." तेव्हा तिला कशाचेच काही वाटत नव्हते, तसे याचेही वाटले नाही.

वाटले ते या एप्रिलमध्ये, त्याला पुरून आल्यावर. तिने खण उघडला, तर तेलाची बाटली आणि चिंधी जागच्या जागी. दर रविवारी तेल देणाऱ्या माणसाला चक्र सैल झालेले दुसऱ्याने सांगावे लागते? तेव्हापासून कवळ्या घासता घासता तिच्या मनात क्लेटन बेसेट यायचा. उमद्या, कमी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला भंगार म्हणून सांगायचे आणि एका गिरमिटावर गुंडाळायचे.

तिने चक्र बाजूला उघडले.

"रिकामं आहे," क्लेटन म्हणाला.

"रिकामं आहे असं सांगणाऱ्याचं ऐकायचं नाही." हे बापाचे वाक्य होते. तिने सहाही घरांत करंगळी घालून पाहिली, तेवढ्यात क्लेटनने मान वळवल्याचे तिच्या लक्षात आले. वाक्य त्यानेही पूर्वी ऐकले असावे.

चक्र बंद करून तिने ते खिडकीच्या उजेडासमोर धरले. चक्र आणि नळी यांच्यामधली फट केसाएवढी. मग नळी जमिनीकडे करून घोडा मागे ओढला, चाप दाबून धरला आणि अंगठ्याने घोडा अलगद खाली आणला. चाप तसाच धरून डाव्या हाताने चक्र हलवून पाहिले. पुन्हा हलवले. कवळी जबड्यावर बसते की नाही हे बोटांना कळावे लागते. तिच्या बोटांना अठ्ठावीस वर्षे तेच काम होते.

चक्र तसूभर हलले नाही.

"सैल म्हणालात."

"जुनं झालंय गं. आज धरतं, उद्या धरणार नाही. तुला घरात ठेवायला हवंच असेल तर माझ्याकडे…"

"मला दुसरं नकोय." तिचा आवाज चढला नाही. तो तिचा चढतच नसे. "तुम्ही माझ्या बापाला फसवलंत, क्लेटन. धडधाकट वस्तू भंगार म्हणून काढून घेतलीत. आज मलाही तेच सांगताय. का, आणखी कुणी गिऱ्हाईक ठरवून ठेवलंय?"

क्लेटनचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. पण बोलली ती डोरीन. हातात दोरीचा गुंडा तसाच घेऊन ती दारात येऊन उभी राहिली होती.

"मलाही कळू दे की. अकरा वर्षं ते तिजोरीत आहे. पुसायला गेले की म्हणतो, हात लावू नको, भंगार आहे. भंगार तिजोरीत कोण ठेवतं रे? मला तर वाटलं होतं, कुठल्या भानगडीतलं आहे."

"डोरीन, तू आत जा."

"नाही जात. तिनं तुला चोर म्हटलंय. तू नाहीस हे मला माहीत आहे. तिला कसं कळणार?"

क्लेटन स्टुलावर बसला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासत राहिला.

"मी अर्वोला भंगार म्हटलं नाही," तो शेवटी म्हणाला. "तोच घेऊन आला. शिकारीच्या हंगामाच्या आदल्या दिवशी. दुकानात ही गर्दी, तर तो कोपऱ्यात टोपी हातात धरून उभा. सगळे गेल्यावर म्हणाला, हे ठेवून घे. म्हटलं, अर्वो, डोकं फिरलं का तुझं? तर म्हणाला…" त्याने हेल्मीकडे बघितले आणि नजर कापडावर नेली. "म्हणाला, लेक घरी आलीय. झोपत नाही, खात नाही. काल मी उठलो तर त्या खणासमोर उभी होती. हे घरात नको."

डोरीनने दोरीचा गुंडा काउंटरवर ठेवला.

हेल्मीला ती पहाट आठवत होती. बाप उठला आहे हे तिला कळले नव्हते.

"विचारलं तर सांग म्हणाला, चक्र सैल होतं. आणि आमच्या घरातलं कुणी मागायला आलं तर देऊ नको. मी हातावर हात मारून शब्द दिला. मग भिंतीवरचं गिरमिट बघून म्हणाला, हे दे. पोरीला बर्फावर नेऊन बसवतो. तिथं कुणाला बोलावं लागत नाही."

तो सगळा हिवाळा बाप तिला रोज तळ्यावर नेत असे. दोन उलट्या बादल्या, एक भोक, थर्मासमधली कॉफी. मासे फारसे लागले नाहीत. मार्चमध्ये बर्फ कुरकुरायला लागल्यावर तिला पहिल्यांदा भूक लागली होती.

"विकलं का नाहीत?" तिने विचारले.

"म्हणाला होता, ती बरी झाली की परत नेईन. दर नोव्हेंबरला यायचा. मी काढून द्यायचो, तो उघडून बघायचा, पुसायचा. मी विचारायचो, नेतोस का? पोरगी तर आता सगळ्या गावाचे दात बसवते. तर म्हणायचा, अजून एक हिवाळा बघू." क्लेटनने नाक ओढले. "दहा वर्षं हेच. गेल्या खेपेला काठी घेऊन आला होता."

बाहेर कुणाचा तरी ट्रक सुरू होऊन निघून गेला.

"तुझ्याकडे परवाना आहे," क्लेटन म्हणाला. "अर्वो राहिला नाही. शब्द कुठवर धरायचा हे मला समजत नाही बघ. तूच सांग. झोप लागते का तुला?"

अशा प्रश्नाला गावात एकच उत्तर असते, आणि ते तिच्या तोंडात तयार होते. पण हा माणूस अकरा वर्षे तिच्यासाठी खोटे बोलला होता.

"एप्रिलपासून नाही," ती म्हणाली. "नीट नाही."

क्लेटनने मान हलवली, कुणी हवेचा अंदाज सांगितल्यासारखी. डोरीन आत गेली आणि तीन कप घेऊन आली.

कॉफी पिताना डोरीनने एकदा विचारले, "गिरमिट आहे का गं अजून?"

"आहे. पात्यांना तेल देऊन, त्याच्याच लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवलेलं."

"यालाही ने म्हणजे," डोरीन नवऱ्याकडे हनुवटी करून म्हणाली. "दुकान गेल्यावर दिवसभर माझ्या पायात पायात येणार. मासा मिळाला नाही तरी चालेल."

हेल्मीने कप बाजूला सारला. खिशातला रुमाल काढून तिने नळीवरचे स्वतःच्या बोटांचे ठसे पुसले, मग चक्रावरचे, मग मुठीवरचे. घामाने गंज चढतो. गुलाबी ठिपक्यावर रुमाल जरा जास्त वेळ फिरला.

"अजून एक हिवाळा बघू," ती म्हणाली. "पण दुकान तर बंद होतंय."

"दुकान बंद होतंय," डोरीन म्हणाली. "घर नाही. तिजोरी घरी येणार आहे."

हेल्मीने चक्र उघडले आणि बाप जसे दुसऱ्याच्या हाती द्यायचा तसे, मूठ पुढे करून, ते क्लेटनला दिले. त्याने दोन्ही हातांनी घेतले. सहा रिकाम्या घरांतून ऑक्टोबरचा उजेड आरपार येऊन हिरव्या कापडावर पडला होता. त्याने चक्र लगेच मिटले नाही.