आत्याच्या कानातली माशी

मी एक जुने साउंड कार्ड आहे.

मित्रांनो, हे वाक्य अर्धेच खरे आहे. जुने व्हायला आधी कामाला यावे लागते. माझा निम्मा भाग काही वर्षे नुसता अंधारात बसून जुना झाला. तेव्हा माझ्याकडून गोड कहाणीची आशा ठेवू नका. मी चिडलेला आहे.

जन्म. सांगायची पद्धत आहे म्हणून सांगतो. एका कारखान्यात हिरव्या पट्टीवर इवले इवले भाग डाग देऊन जोडले, तपासले, खोक्यात घातले. झाला जन्म.

कॉम्प्युटरच्या पोटात बसून त्याला स्वच्छ आवाज द्यायचा, हे माझे काम. माझी फक्त पाठ डब्याच्या मागून बाहेर दिसते. तिच्यावर स्पीकरच्या वायरी खुपसायला रंगीत भोके आहेत. आणि कडेला एक निराळे भोक आहे, त्याच्या शेजारी हेडफोनचे चित्र. हे चित्र लक्षात ठेवा. ज्यांनी ठेवायला हवे होते त्यांनी ठेवले नाही.

दुकान.

मला घ्यायला भाऊ-बहीण आले होते. घरातली मुले तिला आत्या म्हणत, म्हणून मीही म्हणतो. मुलांचा बाप, तिचा थोरला भाऊ, तो दादा. आत्याचे काम फार नाजूक. बोलक्या पुस्तकांची रेकॉर्डिंग्ज ती घरी बसून ऐकायची. कुठे खुर्ची करकरली, कुठे वाचणाऱ्याने आवंढा गिळला, तिथे खूण करून स्टुडिओला कळवायची.

"पाच स्पीकर लावायचेत," दादा म्हणाला. "सिनेमातलं हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं पाहिजे."

"आणि मला हेडफोन," आत्या म्हणाली. "माझं पोट त्यावर आहे."

"नुसत्या स्पीकरना हे साधं कार्डही पुरेल," दुकानदार म्हणाला. "पण ताईंचं काम कानाचं आहे. त्यांच्यासाठी हे घ्या. यात हेडफोनला वेगळी ताकद दिलीय. फक्त पिन इथेच लावायची, या चित्राजवळ."

"कळतं हो आम्हाला," दादा म्हणाला.

म्हणजे मला निवडले तिच्यासाठी. हेही लक्षात ठेवा.

हिरवे भोक: समोरचे दोन स्पीकर.
काळे भोक: पाठीमागचे दोन.
नारिंगी भोक: मधला आणि खर्जाचा तो धडधडणारा खोका.
हेडफोनचे भोक:

इथे ओळ संपली. तिथे काही लागलेच नाही. दादाने स्पीकर जोडले, टेबल भिंतीला सरकवले आणि हात झटकले.

"आणि माझा हेडफोन?"

"पुढं लाव की. डब्याला पुढंही भोक आहे."

"दुकानदार मागे लावा म्हणाला होता."

"आता टेबल परत कोण ओढणार? भोक ते भोक. आवाज आला म्हणजे झालं."

नाही झाले. पुढच्या भोकाची वायर माझ्याकडे येतच नाही. ती खालच्या मोठ्या बोर्डावरच्या चिपकडे जाते. ती चिप बिचारी गर्दीत राहते. पंखा, माउस, पडदा, सगळ्यांची कुजबुज तिच्या आवाजात शिरते. माउस हलला की हेडफोनमध्ये बारीक माशी घोंगावते. मला आतून ते दिसत होते. आणि मला तोंड नाही. पाच स्पीकर आहेत, तोंड नाही.

दादाने पडद्यावर आत्याला दाखवून ठेवले: काम करताना हे दाब, सिनेमाला ते. झाली वाटणी. हेलिकॉप्टर मला, पुस्तके त्या चिपला. पाहुणे येत, दादा मला मिरवत असे. "कार्ड बघा कसलं बसवलंय." कौतुक माझेच होते. मला त्याची शिसारी यायची.

आत्या रेकॉर्डिंगमध्ये खुणा करू लागली. इथे घूं आहे. इथेही आहे. मग स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टचा फोन आला.

"बाई, तुम्ही खूण केली तिथे काहीच नाही. आम्ही तिघांनी ऐकलं. वाचणारे नाराज झालेत."

"मला तर माशी घोंगावल्यासारखं स्पष्ट ऐकू येतंय."

"तेच म्हणतोय. कान दाखवून घ्या एकदा."

तिने दाखवले. कानाच्या डॉक्टरने तपासले आणि सांगितले की कान उत्तम आहेत, पण काही आवाज डोक्यातच असतात. दादाला एवढे पुरले. जेवताना तो म्हणायचा, "आत्याबाई, माशी उठली का आज?" मुले हसायची. वहिनीसुद्धा हसायची.

आत्याही एकदा हसली. मित्रांनो, मला सर्वांत जास्त राग त्या हसण्याचा आला.

पुढे तिने खुणा करणेच कमी केले. शंका आली की सोडून द्यायची. एका पुस्तकात खरोखरची खोकल्याची उबळ होती. आत्याने ती ऐकली, स्वतःचीच माशी समजली आणि जाऊ दिली. पुस्तक तसेच बाहेर पडले. तिचे काम बंद झाले.

मला इथे बरेच काही लिहायचे होते. शिव्या आहेत. पुढे चला.

खोलीला रंग द्यायचा निघाला. टेबल भिंतीपासून ओढले गेले. आत्या फडके घेऊन मागे वाकली आणि तिने पहिल्यांदा माझी पाठ पाहिली. तीन भोकांत वायरी. चौथ्यात धूळ. शेजारी चित्र.

तिने त्या चित्रावरून बोट फिरवले. मग तिने धूळ पुसली, पिन लावली, पडद्यावर माझे नाव निवडले आणि एक जुने रेकॉर्डिंग लावले. माउस हलवला. शांतता. पिन काढून पुढे लावली, आवाज पुढे वळवला. घूं. पुन्हा माझ्याकडे. शांतता.

"वहिनी, इकडे ये."

वहिनीने पुढचे ऐकले, मग मागचे. "अगं, ही तर खरीच माशी."

"डोक्यातली आहे म्हणत होतात ना? घे, आता तुझ्याही डोक्यात आली."

दादाला बोलावले, पिन पुन्हा पुढे लावली, आवाज पुढे वळवला. त्याने हेडफोन चढवला, माउस हलवला, डोळे बारीक केले.

"मला तर काही ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"मग डॉक्टरकडे आज तू जा," आत्या म्हणाली. तिने वाकून पाचही स्पीकरच्या वायरी उपटल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

रेकॉर्डिस्टने फोनवर सगळे ऐकून घेतले. काम दुसऱ्या कोणाला दिले होते. "एक प्रकरण पाठवतो, बघू," एवढेच म्हणाला.

ते माझे पहिले खरे काम. वाचणारी एक शांत बाई होती. वाक्याच्या शेवटी खुर्ची हळूच करकरली. मी तो आवाज जसाच्या तसा, स्वच्छ, आत्याच्या कानात नेऊन ठेवला. तिने ऐकला. मागे जाऊन पुन्हा ऐकला. पुन्हा. बोट खुणेच्या बटणावर होते आणि ते दाबले जात नव्हते.

"वहिनी, जरा ऐकतेस? खुर्ची वाजली का गं, की मलाच?"

"वाजली," वहिनी म्हणाली.

मग तिने खूण केली.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, हे मी मागत नाही. घरात कोणी म्हणाले की मला काहीतरी ऐकू येते, तर त्याच्या कानाकडे बोट दाखवू नका. त्याचा हेडफोन आपल्या कानाला लावा. टेबल ओढा. मागे वाका.

मी आता रोज कामात आहे आणि उत्तम वाजतो. पण त्या "की मलाच?"बद्दल मी अजून कोणालाही माफ केलेले नाही.