किसणी निवडून आली

काका निवडून आले हे पुतण्याला कळलं, तेव्हा त्याच्या हातात कोणाचे तरी खालचे दात होते.

तो कामाला होता तिथे हे काही विशेष नव्हतं. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, इथून त्यांच्या कवळ्या होऊन परत जायच्या. पुतण्या खिडकीजवळच्या टेबलावर मेणात एकेक दात बसवायचा. परदेशात आल्यापासून तो कित्येकांच्या हसण्याला कारणीभूत झाला होता, भेटला मात्र कोणालाच नव्हता.

फोनवर काकू होती. "अरे, हे निवडून आले."

"कोण?"

"हे."

काकू काकांना 'हे'च म्हणायची. पुतण्याने दात हळूच खाली ठेवले आणि कशात निवडून आले ते विचारलं, कारण काका आजवर गल्लीतल्या पाण्याच्या टाकीच्या समितीवरही निवडून आले नव्हते. काकू म्हणाली, उभे होते तिथूनच. संसदेत. आणि मग तिने तेच पुन्हा म्हणून पाहिलं, कारण तिलाही ते पहिल्यांदाच मोठ्याने ऐकू आलं होतं.

कोणाला पेटीची हौस असते, कोणाला कबुतरांची. काकांना निवडणुकीची होती. धंदा पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचा. निवडणूक लागली की दुकान बंद करून अर्ज भरायचे, पडायचे, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी शटर वर करून राहिलेले मिक्सर हातात घ्यायचे. कोणाचं काही बिघडत नव्हतं. चिन्ह म्हणून दर वेळी पंखा मागायचे आणि दर वेळी त्यांना किसणी मिळायची. पुढे पुढे ते किसणीच मागायला लागले, तर तीही मिळाली. त्यांना तो विजयच वाटला होता.

गेल्या खेपेला मात्र घात झाला. घरात मतदार जेवढे, तेवढीही मतं पडली नाहीत.  काका जेवताना घास हातात धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत बसायचे. काकूने शपथेवर सांगितलं की मी तुम्हालाच दिलं. तिच्या बहिणीनेही सांगितलं. सगळ्यांनीच दिलं होतं. मतं कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

याच काकांनी पुतण्याला, वडील गेल्यावर, दुकानातल्या स्टुलावर बसवून वाढवलं. मोटरची तार गुंडाळता गुंडाळता त्याचा हात बसला, आणि तोच हात पुढे दातांच्या कामी आला. तो परदेशी निघाला त्या दिवशी काकांनी पेचकसाशी खेळत विचारलं होतं, "परत कधी?"

"तुम्ही निवडून आलात की," पुतण्या म्हणाला. सगळे हसले. काका सगळ्यांत जास्त हसले, आणि या वेळच्या जाहीरनाम्यात त्यांनी ते छापून टाकलं. पहिलं रस्ते, दुसरं पाणी, तिसरं 'परदेशी गेलेल्या पुतण्याला परत आणणार'.

पुतण्याला पुढच्याच आठवड्यात इथे कायम राहायचा परवाना मिळायचा होता. त्यासाठी स्वतः हजर राहावं लागणार होतं. आता उठून गेलं की सगळं मुळापासून, तेही झालं तर.

आणि हे सगळं त्याचं त्यानेच केलं होतं. इथून मत देता येत नव्हतं, म्हणून त्याने घरी फोन केले होते. काकूला, काकूच्या बहिणीला, शाळेतल्या बाईंना, दुकानाशेजारच्या इस्त्रीवाल्याला. प्रत्येकाला वेगळं गाठून सांगितलं, की बाकी कोणी देणार नाही, तुम्ही एकट्याने तरी द्या, म्हाताऱ्याची लाज राहील. कुठे बोलू मात्र नका.

त्याने इस्त्रीवाल्याला फोन लावला आणि कुठे बोललात का, ते विचारलं.

इस्त्रीवाला दुखावला गेला. म्हणाला, "शब्द दिला तो दिला. कोणाला बोललो नाही. घरच्यांना फक्त, आणि बाजारात. पण बाजारातल्या एकेकाला बजावलं, कुठे बोलू नका म्हणून."

बाजारानेही शब्द पाळला होता. आपल्या भरवशाच्या माणसांना तेवढं सांगितलं होतं. असा अख्खा मतदारसंघ एकमेकांपासून चोरून मतदानाला गेला, म्हाताऱ्याला आपलं एकट्याचंच मत, म्हणून हळहळत किसणीचं बटण दाबून आला, आणि आपण कोणाचं तरी भलं केलं अशा चेहऱ्याने संध्याकाळी एकमेकांना भेटला.

पलीकडच्या टेबलावर प्लास्टर कालवणारी ताई होती. तीही त्याच्याच देशातली. सकाळपासून ती एका हाताने प्लास्टर आणि एका हाताने फोन सांभाळत होती, आणि प्लास्टर मधूनमधून फोनवर जात होतं. तिने सांगितलं की दोन्ही मोठे पक्ष बरोबरीत अडकलेत, सरकार कोणाचं ते आता एका पंखेवाल्याच्या हातात आहे.

"कोण निवडून देतं रे असल्यांना?" ताई म्हणाली. "लोकांच्या डोक्यात असतं काय?"

पुतण्या म्हणाला, काही कल्पना नाही.

मालक मागे येऊन उभे राहिले तेव्हा कवळीत पुढचे दात मागे आणि दाढा पुढे बसलेल्या होत्या. मालकांनी ती कवळी नीट पाहिली, मग पुतण्याचा चेहरा पाहिला, आणि घरी कोणाचं काही झालं का ते विचारलं. पुतण्या म्हणाला, काका. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, वय काय होतं. पुतण्याने वय सांगितलं. मालकांनी त्याला उरलेल्या दिवसाची सुट्टी दिली.

जिन्यात उभं राहून त्याने काकांना फोन लावला. काका दुकानात होते, शटर ओढून, अंधारात.

"बाहेर दोन्हीकडची मोठी माणसं रांगेत उभी आहेत," काका कुजबुजले. "प्रत्येकाच्या हातात मिक्सर आहे. शटरच्या फटीतून पाहिलं मी. नवे आहेत रे सगळे. एकही बिघडलेला नाही."

मग त्यांनी विचारलं,

"तिकडे पंखे असतात का?"

"नाही. इथे थंडी असते."

"मिक्सर?"

"बिघडला की टाकून देतात."

काकांनी खूप मोठा श्वास सोडला. इकडे पळून यायचा मार्ग बंद झाला होता. पुतण्याने विचारलं, मी येऊ का.

"वेडा आहेस का तू? परवान्याचं आहे ना तुझं?" काका म्हणाले. "जाहीरनामा होता तो. जाहीरनाम्यातलं कोण पाळतं?"

पुतण्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, जिन्याची एक पायरी उतरेपर्यंत. कारण तेवढ्यात काका, गेल्या खेपेला जेवताना बघायचे ना, तशा आवाजात म्हणाले, "एक सांग. घरच्यांनी नाही दिली तेव्हा. मग आता एवढ्या लोकांनी मला मतं का दिली असतील रे?"

पुतण्याने उत्तर तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आणि दुसऱ्या कोणी सांगण्याआधी सांगायला हवं होतं. इस्त्रीवाला तर शेजारीच होता.

"आल्यावर सांगतो," तो म्हणाला.

 तिकडे कोणीतरी शटरवर अदबीने टकटक करत होतं, ते फोनमधून ऐकू आलं.

"मग मागच्या दाराने ये," काका म्हणाले. "आणि हातात मिक्सर घेऊन येऊ नकोस, नाहीतर मी उघडणार नाही."