न फाटलेल्या लाल पट्ट्या

इंग्लंडात केंटमधल्या त्या जुन्या धावपट्टीवर टीव्हीवाले आले आणि विल्फ ऑर्मरॉडला म्हातारपणी पुन्हा काम मिळालं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. घरात बोलायला भिंती, आणि भिंती काही हूं की चूं करत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात त्याने लढाऊ विमानांच्या बंदुका सांभाळल्या होत्या, म्हणून वैमानिकांवरच्या या मालिकेत ‘चूक दिसली की सांगा’ एवढ्यासाठी त्याला बसवलं होतं. मालिकेतले वैमानिक भलतेच हिकमती. तारेच्या तुकड्याने इंजिन दुरुस्त करतील, शत्रूचंच विमान पळवून आणतील. विल्फ गुपचूप चहा प्यायचा. नऊ आठवडे माणसांत बसायला मिळतंय ना, मग मारू देत थापा बापडे.

त्या दुपारी मात्र तो उठला. नायक लढाई गाजवून उतरला होता आणि विमानाच्या पंखांवरच्या लाल पट्ट्या शाबूत होत्या.

“हे चालायचं नाही,” तो म्हणाला. “बंदुकांच्या तोंडावर आम्ही ही कापडी पट्टी चिकटवायचो, आत ओल जाऊ नये म्हणून. पहिल्या गोळीला फाटते. पट्टी शाबूत म्हणजे पोराने गोळी झाडलीच नाही. खाली उभ्या माणसाला लांबूनच कळायचं.”

दिग्दर्शक पेनफोल्डने आभाळाकडे पाहिलं. “ऊन चाललंय, विल्फकाका. अंगठा घाला आणि फाडून टाका.”

विल्फने अंगठा पट्टीवर टेकवला आणि तसाच उभा राहिला. हात पुढे जाईना.

“काय झालं हो काका?” नायकाचं काम करणारा गॅरेथ विमानातून उतरून जवळ आला.

पस्तीस वर्षं जे कुणालाच, बायको होती तेव्हा तिलाही सांगितलं नव्हतं, ते विल्फ त्या परक्या पोराला सांगून बसला. ऑब्री लाइल नावाचा एकोणीस वर्षांचा वैमानिक होता. तीनदा लढाईवर गेला, तीनदा शाबूत पट्ट्या घेऊन परतला. तुकडीत भित्रा म्हणून नाव पडलं की संपलंच. म्हणून तिन्ही वेळा सार्जंट विमान तपासायला यायच्या आत विल्फने अंगठ्याने पट्ट्या फाडल्या.

“मला वाटलं, पोराची अब्रू राखली. कसली अब्रू! सगळे समजले, गडी लढतोय. नाहीतर त्याचं उडणं बंद केलं असतं, जगला असता. चौथ्यांदा त्याला सगळ्यात पुढे पाठवलं. मी अंधार पडेपर्यंत वाट बघितली. मीच मारला त्याला.”

गॅरेथचे डोळे चमकले. “पेनफोल्ड, इकडे या. काकांनी काय गोष्ट दिलीय बघा.”

पेनफोल्डने ती ऐकली आणि मांडीवर थाप मारली. “पुढच्याच भागात घेऊ. फक्त शेवट बदलायचा, लोकांना रडवून झोपवायचं नाही. चौथ्यांदा पोरगा गोळ्या झाडतो आणि धूर सोडत का होईना, परत येतो.”

एवढं काळीज उघडं केलं, आणि यांना त्यात नवा भाग सापडला. राग यायला हवा होता, तो आला नाही. एवढ्या माणसांत उभं राहून विल्फला घरच्यापेक्षा एकटं वाटलं.

“कधी करणार?” त्याने विचारलं.

“मंगळवारी. पण मंगळवारी तुमची सुट्टी आहे, काका. आराम करा.”

“तो परत येईल तेव्हा खाली मी उभा असणार,” विल्फ म्हणाला. “किती वाजता येऊ?”