पंपावर राहिलेले बुवा

या, सतरंजीवर अजून जागा आहे, जवळ सरका. प्रसाद वाटून होईपर्यंत एक गोष्ट सांगतो. मधे उठायचं मात्र नाही. कीर्तनातून उठणाऱ्याला देव माफ करतो, मी करत नाही.

आमच्या पालेगावात सप्ताहाचं काल्याचं कीर्तन चिंतामणीबुवा करतात. बुवा राहतात बदलापूरला, मांजर्लीत. त्यांना तिथून गाडीवर आणायचा मान महिपतीचा. मिसरूड फुटलं तेव्हापासून हा माणूस मोटारसायकल चालवतोय. शेतावर टॉवर उभे राहिले, गोठा गेला, बैल गेले, पण त्याची जुनी राजदूत गेली नाही. कोथिंबीर आणायला निघाला तरी गाडी पुसून निघणार. बायकोशी, विठाशी, गोड बोलायचा तो गाडीवर बसल्यावरच.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलाने, प्रज्वलने, चावी काढून घेतली.

"बाबा, बस झालं आता. वय बघा. बुवांना आम्ही आणू, रॅलीने."

सप्ताहाचा तेवढा मान गेला की पुढे उरली खाट, हे महिपतीला कळत होतं.

'आम्ही' म्हणजे पालेगाव थंडर रायडर्स. अध्यक्ष अर्थात प्रज्वल. उल्हासनगरहून घेतलेली काळी जॅकेटं, पाठीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र. आजवर चढलेला सगळ्यांत उंच घाट म्हणजे बदलापूरचा उड्डाणपूल. रविवारी सकाळी निघायचे, मिसळ खायची, ढोपरांच्या ढाली लावून फोटो काढायचे आणि ऊन चढायच्या आत घरी.

काल्याच्या दिवशी थंडर मांजर्लीला पोचलं. बुवांना प्रज्वलच्या मागे बसवलं. बसवलं म्हणजे चढवलं. ती मागची सीट की गच्चीचा कठडा! बुवांच्या मागे क्लबची मोठी बॅग बांधलेली. फेटा सावरत, नामस्मरण करत बुवा निघाले. कधी नव्हे ते मनापासून करत होते, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

वाटेत पेट्रोल पंप आला. आता रीत तुम्हाला ठाऊक आहे: टाकी उघडायची तर मागच्याने उतरायचं आणि पुढे जाऊन गेटपाशी उभं राहायचं. बुवा उतरले, धोतर सावरत गेटपाशी गेले. प्रज्वलने टाकी भरली, हेल्मेट घातलं. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "भाई, कॅमेरा चालू है, निकल!" आणि गडगडाट करत सगळे बुवांसमोरून निघून गेले. बुवांनी हात केला. बुवा टाटा करताहेत असं समजून एकाने अंगठा उंचावला.

दोरी सैल होऊन बॅग पुढे घसरली आणि प्रज्वलच्या पाठीला टेकली. त्याला वाटलं, बुवा रेलले.

"बुवा, मजा येते ना?"

बॅग काय बोलणार! समाधी लागली असेल, असं समजून अध्यक्षांनी वेग वाढवला.

मंडपापुढे ताशा वाजला. प्रज्वलची बायको सोनिया आरतीचं ताट घेऊन पुढे आली आणि थबकली.

"अहो, ओवाळू कोणाला? बॅगेला?"

प्रज्वलने मागे पाहिलं. ताशा थांबला. इतकी शांतता आमच्या मंडपात ध्यानाच्या वेळीही नसते.

तेवढ्यात महिपतीचा फोन वाजला. पंपावरच्या माणसाच्या फोनवरून बुवा बोलत होते. "महिपती, तू ये. दुसरा कोणी आला तर मी इथेच काला करीन. श्रोते चांगले आहेत, रांगेत उभे आहेत."

महिपतीने मुलापुढे हात पसरला. "चावी."

"मी जातो ना बाबा, दोन मिनिटांत..."

"तू गेलास तर आता काय विसरून येशील?" विठा म्हणाली. "दे त्यांना."

चावी मिळाली, पण किक बसेना. नवा गुडघा ऐकत नव्हता. प्रज्वलने मारून पाहिली. गाडीने त्याच्याच नडगीवर उलटी हाणली. जन्मभर बटण दाबणाऱ्याला किक कुठून येणार? शेवटी विठाने फर्मान सोडलं, "अरे थंडरवाल्यांनो, ढकला!"

देवाशपथ सांगतो, तो देखावा पालखीला लाजवील. ढोपरांच्या ढाली लावलेले सगळे रायडर घामाघूम होऊन म्हाताऱ्याची गाडी ढकलताहेत, आणि वर महिपती ताठ बसलाय. उतारावर इंजिनाने धूर सोडला, तो थेट अध्यक्षांच्या तोंडावर. महिपती गेला.

तो परतला तेव्हा बुवा एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून अभंग गुणगुणत होते. दोघांना घाई नव्हती. खड्डा आला की महिपती मान वळवून सांगायचा, "बुवा, धरा." बस, एवढंच. कीर्तन उशिरा सुरू झालं, पण रंगलं असं, की गोपाळांना सोडून पुढे गेलेल्यांवर बुवा जे घसरले, त्यात थंडरचा एकही मेंबर कोरडा राहिला नाही.

संपल्यावर प्रज्वलने सवयीने हात पुढे केला. महिपतीने चावी विठाला दिली. तिने ती कमरेला खोचली आणि म्हणाली, "उद्या मला माहेरी सोडा. लांबच्या रस्त्याने." किकचं काय करायचं ते प्रज्वलने स्वतःच ठरवलं: रोज सकाळी तोच गाडी ढकलतो.

झाली गोष्ट, प्रसाद घ्या. आणि हायवेवर कधी एखादा म्हातारा डाव्या कडेने, जुन्या गाडीवर, मागे बायको बसवून सावकाश चाललेला दिसला, तर हॉर्न मारू नका. आमच्या महिपतीची आठवण काढा आणि जाऊ द्या त्याला पुढे.