मोदकपात्रातला महिन्याचा भात

मित्रांनो, झाकण जरा बेतानं उचला, आत वाफ आहे. मी एक जुनं तांब्याचं मोदकपात्र आहे. जन्म चिपळूणचा, मुक्काम कतारमधल्या अल खोर गावी आणि स्वभाव भोचक. वर्षाचे बहुतेक महिने ज्याला वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवतात, त्यानं भोचक व्हायचं नाही तर काय करायचं?

एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. पोटात पाणी, मध्ये भोकांची चाळण, वर घुमटासारखं झाकण आणि आतून चकचकीत कल्हई. सून राजश्री कतारला निघाली, तेव्हा हौसाबाईंनी मला तिच्या बॅगेत कोंबलं आणि बजावलं, "यात फक्त नैवेद्य हां. कांदा-लसूण नाही, मासळी तर नाहीच नाही." राजश्रीचा नवरा सुदाम रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये टेक्निशियन आहे. तो कंपनीच्या बसनं जातो-येतो आणि मी कपाटावरून त्याची ये-जा पाहतो. गणपतीत हळदीच्या पानावर मोदक बसायचे. सगळे माझी वाहवा करायचे आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कागदात. मान भरपूर होता, सोबत मात्र कुणाचीच नव्हती.

समोरच्या फ्लॅटमध्ये तैवानची सू-चिन राहते. तिला मुलगा झाला. त्यांच्याकडेही बाळंतिणीला महिनाभर गार पाण्यात हात घालू देत नाहीत, हे कळल्यावर राजश्रीला ती एकदम माहेरची वाटायला लागली. महिना भरला की त्यांच्यात चिकट तांदळाचा खारा भात करून घरोघर वाटतात. भात वाटला, की बाळ चारचौघांत आलं. हा भात बाळाच्या आजीनं करायचा, पण सू-चिनच्या आईला गुडघ्यांमुळे विमानात बसवेना. तिनं घरच्या शेतातला तांदूळ पाठवला. सोबत सुकी अळंबी आणि सुके सोललेले झिंगे, म्हणजे आपले सोडेच. आणि महिना भरला त्याच दिवशी सू-चिनचं विजेवरचं वाफेचं भांडं बंद पडलं.

"राजश्री, स्टीमर है?" तिनं दारातून, आखातात शिकलेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं.

मी कपाटावर कान टवकारले.

"नही है," राजश्री म्हणाली. सोड्यांचा वास दारापर्यंत आला होता ना! मग तिलाच कसंतरी झालं. "तुम आराम करो. मैं कुकर में बनाती हूँ. अगं, भाताचं मला सांगतेस?"

इथंच घात झाला. तांदूळ आधीच भिजून टपोरला होता. राजश्रीनं त्यातला निम्मा कुकरमध्ये घातला, नेहमीच्या सवयीनं बोटाच्या पेरानं पाणी मापलं आणि शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर आत खळ! खुपसलेला डाव उभाच्या उभा राहिला.

"मम्मा, धिस इज ग्लू," लेक गौरी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

"गप गं! पतंग चिकटव जा."

सू-चिन बाळाला खांद्यावर घेऊन पाहायला आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. उरलेल्या तांदळावरून हात फिरवत ती हळूच म्हणाली, "नो वॉटर. ओन्ली स्टीम. मम्मी आज शाम को फोन करेगी. पूछेगी, भात बाँटा?"

राजश्री कपाटाकडे वळली. तिनं स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं. कागद टराटरा फाटला.

"स्टीमर!" सू-चिनचे डोळे मोठे झाले.

"हां... अभी मिला," राजश्री माझ्याकडे बघत म्हणाली. माझ्याकडे बघणं सोपं होतं.

तिनं माझ्या पोटात पाणी ओतलं आणि सवयीनं एक नाणं टाकलं. पाणी आहे तोवर नाणं खुळखुळतं आणि ते गप्प झालं, की पाणी आटलं समजायचं. सू-चिनला त्याची इतकी गंमत वाटली, की तिनं बाळाचा कान माझ्याजवळ आणला. मग चाळणीवर ओलं फडकं, त्यावर तांदूळ. सू-चिननं काडीनं त्यात भोकं पाडली, वाफेला वाट म्हणून. मी सगळं टिपत होतो. थोड्या वेळानं दाणे साबुदाण्यासारखे पारदर्शक झाले. चिकट होते, पण प्रत्येकाचा बाणा वेगळा.

नुसता तांदूळ! राजश्रीला हायसं वाटलं. नेम मोडला नव्हता. शेजारच्या कढईत कांदा, सोडे, अळंबी, चिकन आणि सोया सॉस परतून झालं. त्यात भात मिसळला.

"अब एक बार और स्टीम," सू-चिन म्हणाली.

राजश्रीचा हात थांबला. नाणं खुळखुळत होतं. बाळानं जांभई दिली. "बाप्पा, लेकराचा भात आहे. तूच बघ बाबा," असं पुटपुटून तिनं सोड्यांसकट सगळा भात माझ्यात घातला.

मित्रांनो, माझी कल्हई जळली नाही. झाकणही उडालं नाही. वास मात्र असा सुटला, की इतकी वर्षं मी काय काय हुकवलं, याचाच विचार करत बसलो.

तेवढ्यात हौसाबाईंचा व्हिडिओ कॉल आला आणि गौरीनं फोन थेट माझ्यासमोर धरला. "आजी, लुक! प्रॉन राइस! इन द गणपती पॉट!"

राजश्रीनं डोळे मिटून घेतले. हौसाबाईंनी चष्मा पुसला, झाकणाखालून येणारी वाफ पाहिली, बाळ पाहिलं.

"सोडे कोमट पाण्यात भिजवलेस ना गो?" त्यांनी विचारलं. "नाहीतर चिवट लागतात."

"भिजवले, आई."

"मग बरं. बाळाची दृष्ट काढ. आणि गणपतीच्या आधी मोदकपात्र चिंचेनं घास."

भात थोडाच झाला. वाटीवाटीनंच का होईना, मजल्यावरच्या प्रत्येक घरी गेला. संध्याकाळी सू-चिनच्या आईनं फोनवर रिकामं भांडं पाहायला मागितलं. तळाशी पाहून ती हसली आणि पदर नसल्यामुळे तिनं बाहीनंच डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी राजश्रीनं मला चिंचेनं लख्ख घासलं. चाळणीच्या एका भोकात एक दाणा अडकला होता. तिनं टाचणीनं तो अलगद काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडात टाकला.

आता मी ओट्याजवळच्या फळीवर असतो, कागदाशिवाय. तर मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटावर माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला घासा, कल्हई करा, जपा. फक्त शेजारणीनं विचारलं, तर "नाही" म्हणू नका. तो वरून ऐकत असतो.