मागे न वळणारे ठिपके

संगणकाच्या पडद्यावर दोनशे वीस ठिपके होते, एक ठिपका म्हणजे एक कामगार, आणि सगळे अगदी नाकासमोर चालणारे. घंटा झाली की उठायचे, जिना उतरायचे, दाराबाहेर पडायचे. ना कुणाची चप्पल राहायची, ना कुणाला कुणाची आठवण यायची. चार मिनिटं दहा सेकंदांत तिमजली शिवणकारखाना रिकामा! आगीच्या वेळी बाहेर पडायचा नियम पाच मिनिटांचा. आज कामगारांना आधी न सांगता खरोखरची घंटा वाजवून तेवढंच पडताळायचं होतं. तिने सही केली की मालकाला दुसरा जिना बांधावा लागणार नव्हता.

आगीपासूनची सुरक्षा तपासणाऱ्या कार्यालयात तिला ठिपकेवाली म्हणत. तिला राग येत नसे, कारण ठिपक्यांनी तिला खरंच काही शिकवलं होतं. सगळे म्हणत होते, जिना अरुंद आहे. ठिपक्यांनी दाखवलं, घोडं अडतंय ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ठेवलेल्या कापडाच्या ताग्यांपाशी. तागे हलवले, दीड मिनिट वाचलं. "माणसाच्या सतराशे साठ भानगडी," कार्यालयाचे प्रमुख सर म्हणत. "सगळ्या मॉडेलमध्ये कोंबल्यास तर दुसरा कारखानाच उभा करशील. मग समजणार काय, कपाळ?" हे तिला पटलेलं होतं. तरी सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. तिची आई त्याच कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर काजं करायला बसे, आणि आईचा एक गुडघा अधू होता. सरांना हे माहीत होतं. ते म्हणाले, "बरंच झालं, जपून मोजशील."

"कधीही घंटा झाली तर थेट खाली यायचं," तिने आईला बजावलं होतं. "मागे वळायचं नाही."

"आणि माझा डबा?"

"डबा मरू दे गं!"

अकरा वाजता घंटा झाली. स्टॉपवॉच घेऊन ती दारात उभी राहिली. पहिला मजला भराभर बाहेर आला. दुसरा आला. तिसऱ्या मिनिटाला तिसऱ्या मजल्यावरच्या बायका दिसायला लागल्या. आईच्या शेजारी बसणारी आली, पण आई नाही.

"आई कुठाय?"

"अगं, माझ्या पुढेच तर होती!"

कुठेही आग नव्हती. हे तिच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिने स्टॉपवॉच शेजारी उभ्या मुकादमाच्या हातात कोंबलं आणि उतरणाऱ्या बायकांना कोपरांनी सारत ती जिना चढू लागली. मागून सर ओरडत होते, ते तिने कानाआड केलं.

वळणावर तिला कळलं, वर चढणारी आपण एकटी नाही. एक सून सासूला हाका मारत होती. दोघी बहिणी एकमेकींना शोधत जिन्याच्या मधोमध धडकल्या. उतरणाऱ्या थांबल्या, खोळंबल्या, एकमेकींवर खेकसल्या. आई सापडली ती दुसऱ्या मजल्यावर, इस्त्रीच्या टेबलांमध्ये, तिथे कामाला असलेल्या आपल्या बहिणीला शोधताना. मावशी केव्हाच खाली गेली होती.

"काय सांगितलं होतं तुला? मागे वळायचं नाही म्हणून!" ती आईवर डाफरली.

"मग तू काय करतेस इथे?" आई म्हणाली.

तिने आईचा दंड धरला आणि पायरी पायरीने तिला खाली आणलं.

सहा मिनिटं चाळीस सेकंद झाली होती.

"ही चाचणी बाद," सर म्हणाले. "पुन्हा घेऊ. या वेळी सगळ्यांना आधी समजावून सांगू."

ती मुकादमाकडे वळली. "या सगळ्या एकमेकींच्या कोण लागतात?"

"लागणारच की! अनोळखी बाई मी कामाला घेतच नाही," मुकादम अभिमानाने म्हणाला. "आतल्या बाईने हमी दिली तरच. आईमागून लेक, जावेमागून जाऊ. एकटी अशी इथे कुणीच नाही."

"ऐकलंत, सर?"

"हे मॉडेलमध्ये कसं घालणार तू?"

"घालीन. वेळ लागेल. तोवर दुसरा जिना लागेल असं लिहितेय."

सर चिडले. "तू मध्ये कडमडली नसतीस तर चाचणी पास झाली असती! पुढच्या वेळी तू येऊच नकोस."

"समजावून सांगितलंत तर पुढच्या वेळी एकही बाई मागे वळणार नाही," ती म्हणाली. "आग नाही हे त्यांना माहीत असेल ना. मला तर आजही माहीत होतं, सर."

तिने त्यांच्याकडे पेन मागितलं.