माझ्या पाठीतल्या नऊ खुंट्या

मी एक जुने कॅबिनेट आहे. मंत्र्यांचे नव्हे, संगणकाचे. त्यामुळे माझ्या आत बसलेल्यांना काम करावे लागते.

मित्रांनो, बहुतेक लोक मला ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे माझ्या पोटात बसणारी बिस्किटाएवढी चकती. भाडेकरूच्या नावाने घराला हाक मारावी, तसा हा प्रकार आहे. मी कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. फुकटचा मान कोण नाकारतो?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, त्याला काळा रंग फासला आणि एका यंत्राने मला जागोजागी भोके पाडली. ज्यावर सगळे भाग बसतात तो मदरबोर्ड लहान असतो, मोठाही असतो. कोणीही आला तरी त्याची सोय व्हावी, म्हणून माझ्या पाठीच्या पत्र्यात गरजेपेक्षा जास्त भोके होती. त्या भोकांमध्ये आखूड पितळी खुंट्या बसवायच्या आणि त्यांच्यावर बोर्ड असा टेकवायचा, की तो पत्र्याला कुठेही शिवू नये. अशा नऊ खुंट्या एका पुडीत घालून माझ्याबरोबर दिल्या होत्या.

दुकानाच्या फळीवर मी बरेच दिवस काढले. मग एका बुधवारी एक बाई आपल्या वडिलांना घेऊन आली. ती जमीन मोजणाऱ्यांच्या कचेरीत नकाशे काढत असे. वडील घड्याळजी. पस्तीस वर्षे त्यांनी दुकान चालवले. मग एका आजारपणानंतर त्यांचा उजवा हात थरथरू लागला आणि दुकान बंद झाले. त्यांना दिवसभर घरी एकटे ठेवणे आता बरे नव्हते. म्हणून तिने साहेबांना विचारले, की मी घरून नकाशे काढू का? साहेब म्हणाले, महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत एक मोठा नकाशा घरून पूर्ण करून दाखवा, मग बघू. नाही जमले तर तिने कचेरीत परत यायचे आणि वडिलांनी दूरच्या शहरात मुलाकडे राहायला जायचे, असे भावाबहिणीचे ठरले होते. वडील पूर्वी एकदा महिनाभर तिकडे राहून आले होते. करायला काही नसल्यामुळे त्यांनी भिंतीवरचे चालू घड्याळ दोनदा उघडले होते.

संगणक स्वतः जोडायचा, म्हणजे नकाशांना हवा तसा होईल, असे मुलीने ठरवले. त्यासाठी तीन आठवडे ती लोकांची मते वाचत होती. एखाद्या भागाची इंटरनेटवर जितके लोक आरती ओवाळतात, तितकेच तो कचऱ्यात टाका म्हणतात, आणि दोन्ही पक्षांनी तो भाग बहुधा पाहिलेलाही नसतो. तिच्या यादीत बरीच खाडाखोड होती. हा प्रोसेसर त्या बोर्डावर बसत नाही, ती रॅम याला चालत नाही. एकाचे जमले की दुसरा रुसतो. सर्वांत शेवटी लिहिले होते : ‘कॅबिनेट – कोणतेही’. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचले.

वडील मात्र फळीवरच्या प्रत्येक कॅबिनेटवर बोट वाकवून टकटक करत आले. माझ्यापाशी थांबले.

“हे घे. बाकीच्यांचा आवाज रिकाम्या डब्यासारखा येतो.”

“बाबा, आपल्याला वाजवायचं नाहीये.”

“अगं, पत्रा जाड आहे, एवढंच म्हणतोय मी.”

मित्रांनो, त्यानंतर इतक्या थोडक्यात माझी स्तुती कोणी केली नाही.

गुरुवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मला आडवे केले. खुंट्या बसवण्याचे काम मुलीने वडिलांकडे दिले. त्यांनी डोळ्याला भिंग चढवले, पांढऱ्या बशीत नऊ खुंट्या ओतल्या आणि डाव्या हाताने उजवे मनगट धरून एकेक खुंटी फिरवू लागले. वेळ लागला, पण एकही वाकडी बसली नाही. बोर्डाला भोके होती सहा. सहा खुंट्या झाल्या. तेवढ्यात फोन वाजला आणि मुलगी आत गेली.

वडिलांनी बशीत पाहिले. तीन उरल्या होत्या.

आता तुम्ही-आम्ही त्या पुडीत टाकून दिल्या असत्या. पण घड्याळजीच्या धंद्यात बशीत काही उरणे म्हणजे घड्याळात काही कमी असणे. पस्तीस वर्षांत त्यांच्या बशीत एकही स्क्रू उरला नव्हता. माझ्या पाठीत तर रिकामी भोके दिसतच होती. त्यांनी उरलेल्या तीनही खुंट्या मन लावून तिथे बसवल्या, बशी पालथी करून खात्री केली आणि समाधानाने भिंग काढले.

मला सगळे दिसत होते. पण पत्र्याला तोंड नसते.

मुलगी परत आली. बाबांनी बसवलेली खुंटी मोजून बघायची असते, हे तिच्या मनातही आले नाही. तिने बोर्ड बसवला, तारा जोडल्या, बटण दाबले. पंखा पाव फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबले. पुन्हा पाव फेरा. बोर्डाच्या पाठीवर जिथे भोक नव्हते, तिथे त्या तीन खुंट्या नेमक्या टेकत होत्या आणि वीज भलत्याच वाटेने पळत होती.

मग चौकशी सुरू झाली. आधी संशय रॅमवर. तिला काढून, पुसून, या खाचेतून त्या खाचेत बसवले. मग पॉवर सप्लायवर. शुक्रवारी त्याला दुकानात नेले. दुकानदार म्हणाला, “ताई, हा ठणठणीत आहे. तुमच्याकडे वीज येते ना?” शनिवारी बोर्ड, प्रोसेसर, रॅम अशी सगळी वरात दुकानात गेली. तिथे पुठ्ठ्यावर मांडून बटण दाबले, तर पंखा गरगर फिरू लागला! घरी आणून माझ्यात बसवले, की पुन्हा सामसूम.

शनिवारी संध्याकाळी भावाचा फोन आला. मुलीचे दोन्ही हात माझ्या पोटात होते, म्हणून तिने फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

“झाला का सुरू?”

“होईल.”

“तयार घेतला असतास तर एव्हाना नकाशा झाला असता. बाबांना हाताशी घेऊन जोडणी करायला निघालीस! नकाशा करायचा की बाबांना सांभाळायचं, एक काय ते ठरव आता.”

“दादा, फोन स्पीकरवर आहे.”

भावाचा आवाज एकदम खाली आला.

“बाबा, तुम्हाला नाही हो म्हणालो.”

“बरं. मग या घरात दुसरे बाबा कोण आहेत, तेवढं सांग.”

फोन ठेवल्यावर मुलीने दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, “कॅबिनेटचाच दोष ताई. पत्रा कुठेतरी टेकत असणार. उद्या आणा, बदलून देतो.” अशा रीतीने आळ माझ्यावर आला. ज्या पत्र्याची तीन दिवसांपूर्वी स्तुती झाली होती, तोच आता गुन्हेगार होता. राजकारणात याला निदान काही महिने तरी लागतात.

रविवारी सकाळी मुलगी साहेबांना ‘जमत नाही’ असे कळवण्यासाठी कागद घेऊन बसली. वडिलांना म्हणाली, “बाबा, तेवढा बोर्ड सोडवून ठेवता का? डबा परत द्यायचाय.”

त्यांनी बोर्ड सोडवला आणि सवयीने उजेडाकडे धरून त्याची पाठ पाहिली. पुन्हा भिंग लावून पाहिली. तिथे तीन बारीक गोल ओरखडे होते. जिथे ओरखडा, तिथे काहीतरी घासते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्यांनी माझ्यात डोकावले. मग तीन खुंट्या काढून तळहातावर घेतल्या.

मित्रांनो, त्यांना गप्प बसता आले असते. खुंट्या खिशात टाकून बोर्ड परत बसवला असता, तर ‘आपोआप झाला सुरू’ म्हणून सगळे मोकळे झाले असते. खरे बोलले, तर मुलाचे म्हणणे खरे ठरत होते. ते उठून मुलीपाशी गेले.

“अगं, ते पत्र राहू दे. चोर सापडला.”

“कोण?”

“मी.”

त्यांनी हात पुढे केला. मुलगी खुंट्यांकडे पाहत राहिली. मग माझ्या पाठीकडे.

“बाबा! उरल्या तर उरू द्यायच्या होत्या ना!”

“उरल्या की मला झोप येत नाही.”

ती आधी रागाने लाल झाली आणि मग इतकी हसली, की तिला खुर्चीवर बसावे लागले. वडील मात्र हसले नाहीत.

“दादाला सांग,” ते म्हणाले, “त्याचं बरोबर होतं.”

“सांगते ना. घोटाळा बाबांनी केला, असं सांगते. आणि तो दुकानदाराला सापडला नाही, मला सापडला नाही, बाबांनाच सापडला, हेही सांगते. धरा, बोर्ड धरा.”

दहा मिनिटांत पंखा फिरला. सोमवारी संध्याकाळी नकाशा साहेबांकडे पोहोचला आणि वडील मुलाकडे गेले ते फक्त चार दिवसांसाठी, पाहुणे म्हणून.

पुढची अकरा वर्षे माझी भरभराटीची. माझ्यातून शेकडो गावांचे नकाशे गेले. आतले भाडेकरू बदलले; बोर्ड दोनदा, रॅम तीनदा. प्रत्येक वेळी शेजारची खुर्ची ओढून वडील भिंग लावून बसत. बंद पडलेले संगणक घेऊन शेजारपाजारचेही येऊ लागले. ते आधी बोर्डाची पाठ पाहत. कोणी काय चुकले विचारले, की सांगत, “काही नाही हो. हीच चूक मी तुमच्याआधी केली आहे.” त्यामुळे कोणाला लाज वाटत नसे.

आता ती खुर्ची रिकामी असते. मुलीने पातळ, देखणा, नवा संगणक घेतला आहे, जो उघडतच नाही. मी कोपऱ्यात आहे आणि माझ्या जाळीत धुळीने बिऱ्हाड केले आहे. मागच्या महिन्यात तिने ब्रश घेऊन मला उघडले. काम करता करता सहज म्हणाली, “बाबा, जरा बघा हो इथे.” मग हात थांबला. थोड्या वेळाने तिने उरलेली धूळ झटकली.

म्हणून मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, धूळ पुसा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात कोणी थरथरत्या हाताचे, आपल्या चुकीची गोष्ट हसत सांगणारे माणूस असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. मला नंतर पुसलेत तरी चालेल. पत्र्याला घाई नसते.